आपण, आम्ही आणि कंपनी

मराठी विभागाकडे कंपन्या सहसा वळत नाहीत. वळल्याच तर भाषांतरासाठी. काही वर्षांपूर्वी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाकडून आमच्याकडे एक तक्ता आला, तोही याच कामाकरिता. कंपनीने आपली पाच 'मूल्ये' इंग्रजीत निश्चित केली होती. ती मराठीत करून प्रवेशद्वारापाशी, कँटीनमध्ये आणि प्रत्येक शॉपच्या दर्शनी भिंतीवर लावावयाची होती. सचोटी, गुणवत्ता, परस्पर आदर इथवर आम्ही निर्वेधपणे आलो. अडलो ते 'ओनरशिप'पाशी. 'मालकी' म्हणावे तर शब्द बरोबर आणि व्यवहार हास्यास्पद. 'स्वामित्वभाव' म्हणावे तर कीर्तनाचा वास. 'उत्तरदायित्व' म्हणावे तर सरकारी परिपत्रक. विभागातल्या आम्हा तिघांची एक अख्खी दुपार त्यात गेली. एम.ए.च्या वर्गातला एक विद्यार्थी रात्रपाळी उरकून सकाळच्या तासाला येत असे. त्याला विचारले, तुमच्याकडे याला काय म्हणतात? तो म्हणाला, "सर, मालकी त्यांची, जबाबदारी आपली. याला एक शब्द नाही, दोन लागतात."

फलकावर शेवटी 'आपलेपणा' गेला. शब्द जुना आहे, घरगुती आहे, आणि त्यात मालकीचा प्रश्नच उद्भवत नाही ही त्याची खरी सोय. पण त्यातले 'आपले' आमच्या डोक्यातून जाईना.

फलकाचे काम संपल्यावर त्या कंपनीतल्या अधिकारी बाईंनी आपली अडचण सांगितली. दरवर्षी 'कार्यसंस्कृती सर्वेक्षण' होते. छापील प्रश्नावली असते. 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंत पाच चौकटी असतात. कामगार रांगेने येतात, बहुतेक सगळे 'सहमत'वर खूण करतात आणि चहा घेऊन जातात. कागदावर सगळे आलबेल असते, आणि माणसे मात्र टिकत नाहीत. तुमच्या पद्धतीने काही करता येईल का, असे त्यांनी विचारले. 'तुमची पद्धत' म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते आणि आम्हीही ती कधी मांडून पाहिली नव्हती. तीन अटींवर आम्ही होकार दिला: बोलणाऱ्यांची नावे कोणालाही मिळणार नाहीत, बोलणी कारखान्याच्या आवारात होणार नाहीत, आणि मूळ नोंदी विभागातच राहतील. त्या वेळी या अटी निव्वळ शिष्टाचाराच्या वाटल्या होत्या.

साहित्याच्या अध्यापकांनी कारखान्याच्या वाटेला का जावे, अशी शंका वाचकांना येईल. आमच्या दोन-चार सहकाऱ्यांना ती आलीच. त्यांना आम्ही म्हाइंभटांची आठवण करून दिली. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण ज्या लीळाचरित्राचा गौरव करतो, तो माणसांना भेटून, विचारून, पडताळून सिद्ध झालेला आहे. १३व्या शतकाच्या उत्तरार्धात चक्रधरस्वामींच्या सान्निध्यात आलेल्यांकडे म्हाइंभट गेले आणि ज्याने जे पाहिले-ऐकले होते ते त्याच्याकडून त्यांनी मिळवले. पुढच्या महानुभाव परंपरेने तर एकाच लीळेचे निरनिराळे पाठ 'वासना' म्हणून जपले. कोणाची आठवण खरी याचा निवाडा घाईने करण्यापेक्षा आठवणींतला फरक टिकवणे तिला महत्त्वाचे वाटले. सर्वेक्षणे नेमके उलट करतात. ती फरकांची सरासरी काढतात. पैठण आणि वेरूळ ही लीळाचरित्रातली गावे आमच्याच जिल्ह्यात आहेत, तेव्हा ही पद्धत बाहेरून आणावी लागली नाही.

बाहेरच्या जगालाही हे वळसा घालूनच उमगले. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. आरंभी प्रश्न ठरलेले असत आणि कामगार त्यांना सोडून भलतेच बोलत. शेवटी संशोधकांनी ते भलतेच हाच विषय मानला. डोनाल्ड रॉय हा समाजशास्त्रज्ञ स्वतः यंत्रावर कामाला बसला. एका सहकाऱ्याने डब्यातून आणलेले केळे दुसरा रोज सकाळी चोरून खाई आणि रोज त्यावर तोच आरडाओरडा होई. या 'केळ्याच्या वेळे'वर १९५९-६० मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध आजही वाचनीय आहे. व्यवस्थापनशास्त्रात एडगर शाइन यांचे १९८५चे पुस्तक प्रमाण मानतात. त्यांच्या मते संस्कृतीचे तीन थर असतात: दिसणाऱ्या वस्तू व रीती, उच्चारलेली मूल्ये, आणि कोणीही न उच्चारलेली गृहीतके. आमचा फलक अर्थातच दुसऱ्या थरातला होता. तिसऱ्या थरापर्यंत पोचण्याचे जे मार्ग ही मंडळी सांगतात, ते कादंबरीच्या वाचकाला नवे वाटू नयेत. पात्र काय म्हणते यापेक्षा ते कसे म्हणते आणि काय म्हणत नाही, हे आपण वर्गात शिकवतोच.

गिरणी कामगारांच्या इतिहासातले एक उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवले. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नसे. त्या खात्यात पगार चांगला होता. बंदीचे कारण एवढेच, की तेथे काम करताना धागा तोंडाला लावावा लागे आणि दुसऱ्याच्या उष्ट्या धाग्याला हात लावण्यास सवर्ण विणकर तयार नसत. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे धरून लावला. आता त्या काळी कोणी प्रश्नावली घेऊन गिरणीत गेला असता आणि 'येथे सर्वांना समान वागणूक मिळते' या विधानावर खूण मागितली असती, तर काय हाती लागले असते? 'भेदभाव होतो का' असे विचारले की उत्तर तयार असते. 'धागा तुटला की काय करता' असे विचारले की मग संस्कृती बोलू लागते. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या सुमारे शंभर जणांच्या बोलण्यातून जो इतिहास उभा केला, तो २००४ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्याचे बळही अशाच साध्या, कामाच्या तपशिलांत आहे.

तेव्हा ठरले असे, की मत विचारायचे नाही, काम विचारायचे. सहा विद्यार्थी या कामात होते. त्यांपैकी तिघे स्वतः वाळूजला कामाला जात. बोलणी बजाजनगरच्या चहाच्या टपऱ्यांवर, रांजणगाव-जोगेश्वरीच्या भाड्याच्या खोल्यांत, एकादशीला धाकट्या पंढरपूरच्या रांगेत झाली. ध्वनिमुद्रण नाही, रात्री खोलीवर येऊन आठवेल तसे लिहायचे, पण माणसाचा शब्द बदलायचा नाही. 'सोमवारपासून तुमचा मावसभाऊ कामाला लागतोय, त्याला काय सांगाल?' एवढेच कोणाला विचारायचे. हा काल्पनिक मावसभाऊ फारच उपयोगी पडला. त्याच्यासाठी जे सांगितले गेले त्यात मूल्ये एकही नव्हती. कोणत्या साहेबासमोर हात खिशात घालू नये, कँटीनमध्ये कोणत्या टेबलावर बसू नये, पहिल्या आठवड्यात फार वेगाने काम का करू नये (कारण तोच आकडा मग सगळ्यांचा होतो), असे ते सगळे होते.

पूजा कधी असते, हाही एक प्रश्न होता. स्थानिक कामगार सांगत, खंडेनवमीला. यंत्रांना हळदकुंकू, झेंडूचे हार, पेढे. उत्तर प्रदेश-बिहारकडचे सांगत, १७ सप्टेंबरला, विश्वकर्म्याची. त्याच तारखेला आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. एकाच आवारात, एकाच सकाळी एका बाजूला झेंडावंदन आणि दुसऱ्या बाजूला विश्वकर्म्याची आरती चाललेली असते, आणि एका बाजूच्या बऱ्याच जणांना दुसरीकडे काय चालले आहे याचा पत्ता नसतो. 'विविधतेचा आदर' या चौकटीवर मात्र दोघेही 'सहमत' असत.

आता त्या 'आपल्या'कडे येतो. प्रथमपुरुषी अनेकवचनाची मराठीत दोन रूपे आहेत, ही गोष्ट आपण व्याकरणाच्या तासाला दोन मिनिटांत उरकतो. 'आम्ही'मध्ये ऐकणारा बाहेर असतो, 'आपण'मध्ये तो आत येतो. हिंदीच्या 'हम'ला किंवा इंग्रजीच्या 'वुई'ला ही सोय नाही. कारखान्यात कोण कोणाला आत घेतो हे मोजण्याचे एवढे नाजूक साधन हाताशी असताना चौकटी कशाला छापाव्यात? विद्यार्थ्यांना आम्ही सर्व नोंदींतली सर्वनामे अधोरेखित करण्यास सांगितले. जुने, कायम झालेले कामगार आमच्या विद्यार्थ्यांशी बोलताना 'आमची कंपनी' म्हणत आणि एकमेकांत 'आपल्या कंपनीत' म्हणत; म्हणजे व्याकरणाच्या पुस्तकात असावे तसेच. कंत्राटी मुलांच्या बोलण्यात 'कंपनी'मागे कोणतेच सर्वनाम येत नव्हते. "कंपनीत जायलो", "कंपनीनं सांगितलं", बस्स. सर्वनाम लागे ते ठेकेदाराला: 'आमचा ठेकेदार'. एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोन माणसांची कंपनी व्याकरणातच वेगळी होती.

पण याच मुलांच्या तोंडी 'आपण' भरपूर होता, आणि आम्ही चकित झालो ते त्याने. "आपल्याला काय, आठ तास भरायचे." "आपण कशाला बोला?" हा 'आपण' ऐकणाऱ्याला सोबत घेतो खरा, पण कशात? काहीही न बोलण्यात, काहीही आपले नसण्यात. 'आपलेपणा' हा शब्द फलकावर लिहिताना हा दुसरा 'आपण' आमच्या लक्षातही आला नव्हता, आणि यायलाही नको होता. तो कोशात नाही. तिसरा 'आपण' कागदावर सापडला. एरवी अरे-तुरेत चालणाऱ्या त्या शॉपमध्ये कामगाराला 'आपण' म्हणणारा कंपनीचा एकच दस्तऐवज होता, तो म्हणजे कारणे दाखवा नोटीस. 'आपणास कळविण्यात येते की'. एका प्रौढ कामगाराने ती घडी घालून पाकिटात ठेवली होती. तो म्हणाला, "एवढ्या मानानं मला इथं दुसऱ्या कोणी बोलावलं नाही."

विद्यार्थ्यांनी एक शब्दसंग्रहही केला. त्यातली 'ब्रेक' ही नोंद आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. पहिला अर्थ चहाची सुटी. दुसरा यंत्राचा. तिसरा अर्थ असा, की काही महिने झाले की माणसाला कामावरून थांबवतात आणि काही दिवसांनी नव्याने घेतात. याला 'ब्रेक देणे' म्हणतात. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात सलग सेवेसाठी २४० दिवसांचा हिशेब होता आणि त्या आकड्याच्या आधी साखळी तोडायची ही रीत त्यातूनच रुळली. "ब्रेकमध्ये आहे" असे घरी सांगितले तर आईला वाटते पोरगा चहा पितोय, असे एका मुलाने सांगितले. 'रिलीव्हर' म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येईपर्यंत यंत्र सोडता येत नाही, आणि तो आलाच नाही तर 'डबल मारावी' लागते. 'गेट बंद होणे' म्हणजे काम जाणे. या सगळ्या शब्दांत कर्ता कोठेच नाही, ब्रेक मिळतो, गेट बंद होते. हा संग्रह चाळताना 'कर्मणी'चा पाठ पुन्हा शिकवावासा वाटला.

नकाशांचे थोडक्यात सांगतो. पाठकोऱ्या कागदावर कारखाना काढून दाखवा म्हटले, तेव्हा जुन्यांनी आधी आपले यंत्र काढले. कंत्राटी मुलांनी पाण्याची टाकी, संडास आणि कॅमेऱ्यात न येणारा एक कोपरा काढला. असेंब्लीवरच्या मुलींच्या नकाशात कारखाना लहान आणि गेटपासून बसपर्यंतचा रस्ता लांबलचक होता; त्यावरचे दिवे मोजून दाखवलेले होते. कचेरी बहुतेकांनी काढली ती चौकोन म्हणून. त्या चौकोनाला दार नव्हते.

कामावर नेण्याच्या पिशवीत काय असते, याचीही यादी विद्यार्थी करत होते. डबा, पाण्याची बाटली, जास्तीचा बनियन, आधार कार्डाची झेरॉक्स, तंबाखूची पुडी. एका विद्यार्थिनीने ही यादी करण्यास नकार दिला. ती करमाडकडची. ८ मे २०२० रोजी पहाटे त्याच परिसरात रेल्वेमार्गावर विसावलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले होते. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते, मध्य प्रदेशातले होते, आणि टाळेबंदीत गावाकडे जाण्यासाठी रुळांच्या कडेने चालत भुसावळकडे निघाले होते. रुळांवर पसरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. त्या दिवसांत सगळा देश त्यांच्या पिशव्यांची यादीच वाचत होता, ती म्हणाली. आणि त्यांच्या कामाबद्दल, पाळीबद्दल, ते एकमेकांना काय म्हणून हाक मारत याबद्दल तेव्हा कोणी काही विचारले नव्हते. तिचे म्हणणे आम्हाला पटले. यादी बंद केली. वस्तू बोलक्या असतात हे खरे, पण माणसाला विचारणे शक्य असताना वस्तूंकडे वळण्यात एक प्रकारचा आळस असतो, असे आता वाटते.

आणि मग बोटाचा प्रसंग. आमचे काम सुरू होण्याच्या थोडे आधी एका मुलाचे बोट प्रेसमध्ये गेले होते. विद्यार्थ्यांनी त्याविषयी मुद्दाम विचारले नाही. मावसभावाला सांगताना तो आपोआप येई. अशी पाच कथने जमली आणि म्हाइंभटांना स्मरून आम्ही ती पाचही वेगवेगळी ठेवली. सुपरवायझरच्या कथनात मुलगा नवा होता, घाईत होता, सांगितलेले ऐकत नसे. शेजारच्या ऑपरेटरच्या कथनात प्रेसचा सेन्सर बंद करून ठेवलेला होता, कारण तो चालू असला की आकडा गाठता येत नाही, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते. खोलीतल्या सोबत्याच्या कथनात त्याने आदल्या रात्री डबल मारली होती, रिलीव्हर आला नव्हता. कँटीनमध्ये वाढणाऱ्या मावशींच्या कथनात तो उपाशी होता, कूपन संपले होते, मागायला लाजला. पाचवे कथन नोंदवहीतले. तेथे तीनच शब्द होते: 'कामगाराची असुरक्षित कृती'. पाचांपैकी एकही सरळसरळ खोटे म्हणता येत नाही. पण पहिले आणि पाचवे यांतच ज्याचे बोट गेले तो कर्ता आहे. उरलेल्या तीनांत त्याच्याभोवतीचे काहीतरी कर्ता आहे.

अहवाल दिल्यावर आठवडाभराने फोन आला. फोन बाईंचा नव्हता, त्यांच्या वरच्या साहेबांचा होता. अहवाल आवडल्याचे सांगून त्यांनी विचारले, की सेन्सरविषयी कोण बोलले. कारवाईसाठी नाही, केवळ 'दुरुस्तीसाठी' माहिती हवी होती. आम्ही अटीची आठवण दिली. मग त्यांनी पाळी विचारली. पाळी सांगितली असती तर त्या प्रेसच्या शेजारी त्या वेळी कोण उभे होते हे काढायला दोन मिनिटे पुरली असती. आम्ही तेही सांगितले नाही. सेन्सर तपासण्यासाठी प्रेसपाशी जावे लागते, माणसापाशी नाही, एवढे नम्रपणे म्हटले. पुढचा पत्रव्यवहार थंड होत गेला आणि ठरलेल्या मानधनाचा दुसरा हप्ता आलाच नाही.

या साऱ्या सर्जनशील पद्धतींची ही दुसरी बाजू त्यांच्यावर लिहिणारे फारसे बोलत नाहीत. चौकटीवर खूण करणारा माणूस सुरक्षित असतो, कारण त्याने काहीच सांगितलेले नसते. कथा सांगणारा आपल्या शब्दांनी, लकबीने, तपशिलाने ओळखू येतो. जेवढी नोंद जिवंत, तेवढा बोलणारा उघडा. ललित लेखकाला ही अडचण नवी नाही. गावाकडचे लोक आपल्या कथेत स्वतःला ओळखून दार बंद करतात हे आपल्याकडच्या ग्रामीण लेखकांनी भोगले आहे. पण तेथे रोजगार जात नाही. म्हणून आम्ही अहवालाची दुसरी प्रत केली. तिच्यात कथनांचा क्रम बदलला, बोलींच्या खुणा पुसल्या, 'जायलो'चे 'जातो' केले. भाषेच्या माणसांना हे करताना काय वाटते ते येथील वाचकांना सांगायला नको. मूळ वह्या विभागाच्या कपाटात आहेत आणि कपाटाची किल्ली आम्हा तिघांकडेच आहे.

कंपनीने काय केले, असे पुष्कळ जण विचारतात. कँटीनची कूपने बंद होऊन तेथे जेवणाची नोंद ठेवू लागले. गेटपासून बसच्या थांब्यापर्यंत दिवे वाढले. सेन्सरचे कळायला मार्ग नाही. ब्रेक पूर्वीसारखेच मिळत राहिले. अधिकारी बाई दोन वर्षांनी चाकणला दुसऱ्या कंपनीत गेल्या. जाण्यापूर्वी येऊन शब्दसंग्रहाची एक प्रत मागून नेली.

सहांपैकी एका विद्यार्थ्याने हे सारे एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी घेतले. विभागात त्यावर वाद झाला. याला समाजशास्त्राकडे पाठवा असे एक मत होते, 'उपयोजित मराठी'त बसवा असे दुसरे. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनीही तेच विचारले, की यात साहित्य कोणते? विद्यार्थ्याने पाच कथनांची पाने पुढे केली. सरांनी ती तेथेच सावकाश वाचली, मावशींच्या कथनाशी थांबले आणि विचारले, त्या मुलाचे पुढे काय झाले. ब्रेक मिळाल्यावर तो गावी गेला होता, आणि नंतर त्याला पुन्हा घेतले नव्हते.